चांगली वेळ मिळाली

साक्री,
२८ जुलै १९९७

प्रिय अभिमन,

तुझं पत्र पोचलं. मुंबईत पाऊस फार आहे, पोरगी नव्या शाळेत रमली आहे, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू तक्रार केली आहेस की अक्का, वर्षभरात माझ्या कार्यक्रमाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, पाहतेस तरी की नाही? पाहते. दर आठवड्याला पाहते. विज्ञान शिकवणारी बाई आहे मी. माझ्या भावाने विज्ञानाच्या नावावर काय विकायला मांडलंय ते मला पाहावंच लागतं, कारण दुसऱ्या दिवशी वर्गात मलाच ते निस्तरायचं असतं. गेल्या महिन्यात तुझा तो चकाकत्या जाकिटातला निवेदक म्हणाला की माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी विचारते, बाई, मग उरलेला काढून टाकला तर चालेल का? वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही. 'अजब दुनिया' म्हणे! त्या दुनियेत काय अजब आहे ते मला कळत नाही, पण तुझं काय झालं ते मात्र अजब आहे.

तू स्वतः विसरलास की काय कोण जाणे, म्हणून आठवण करून देते. एकोणनव्वद साली तुझा पहिला कार्यक्रम 'असं का?' सुरू झाला. आपल्या गावात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके टीव्ही. आबांनी आपला काळा-पांढरा घेतला तो तुझ्यासाठी. रविवारी सकाळी टीव्ही ओट्यावर यायचा आणि उन्हात चित्र दिसावं म्हणून माय त्याच्यावर गोधडीचा आडोसा बांधायची. माणसं आंघोळी उरकून, बायका चुलीवरचं कालवण उतरवून यायच्या. अर्धा तास कुणी विडी पेटवायचं नाही. शेवटी नावं वर सरकू लागली की आबा सगळ्यांना गप्प करायचे आणि मोठ्याने वाचायचे, 'लेखन आणि निर्मिती, अभिमन झुलाल भामरे.' त्यातलं झुलाल जरा जास्तच मोठ्याने.

समोरच्या यशोदाबाईने माझ्याकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं होतं. 'भाकर का फुगते?' एवढंच. मला वाटलं, मुंबईत कोण वाचणार हे. तू वाचलंस, आणि त्यावर अख्खा भाग केलास. चूल, तवा, बाजरीचं पीठ, सगळं स्टुडिओत आणलंस. आधी म्हणालास, उत्तर नंतर, तुम्ही अंदाज करा. एक भाकर नीट थापलेली, दुसरी मुद्दाम चिरलेली. चिरलेली फुगली नाही. मग फुगलेली फोडून आतली वाफ काचेवर धरलीस आणि काचेवर पाणी जमलं. वरचा पापुद्रा सुकतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते, आणि चीर पडली असेल तर ती निसटते. संपल्यावर यशोदाबाई माझ्याकडे वळली. म्हणाली, 'हाई ते माले बी माहीत व्हतं. पण माले माहीत शे, हाई माहीत नव्हतं.' मी बी.एड. केलं, किती शिबिरं केली, पण शिकवणं म्हणजे काय ते त्या दिवशी ओट्यावर कळलं. आणि ते तू शिकवलंस. म्हणून तर तुझ्यावरचा राग आवरत नाही. परक्या माणसाने असलं काही केलं असतं तर टीव्ही बंद करून मी झोपले असते.

मग तुमच्या वरच्यांना रविवारची सकाळ एका साबणवाल्याच्या मालिकेसाठी हवी झाली. विज्ञान गेलं मंगळवारी दुपारी अडीच वाजता. दुपारी अडीचला मुलं शाळेत, माणसं शेतात, बाया निंदणीला, आणि वीज तर आमच्याकडे दुपारी नसतेच. उरलं कोण? पाळण्यातली पोरं. तेव्हा तू भांडला होतास, हे मी नाकारत नाही. तू लिहिलं होतंस, 'अक्का, घरात माणूस नसेल अशी वेळ शोधून काढायची, तिथे विज्ञान लावायचं आणि मग म्हणायचं विज्ञानाला प्रेक्षक नाही.' तुझं ते वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं होतं. आबा मात्र दर मंगळवारी हातातलं काम टाकून घरी यायचे. वीज नाही म्हणून शेजारच्या भाईदासच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे आणि तिच्यावर टीव्ही चालवायचे. भाईदास कुरकुरायचा, 'आबा, तुमना विज्ञानपायी मना ट्रॅक्टर एक दिन बंद पडी.' आणि मग स्वतःच मांडी घालून शेजारी बसायचा. तुमच्या कागदांवर हे दोन प्रेक्षक कधी धरले गेले का रे?

अर्ध्या तासाचा पाव तास झाला, पाव तासाची आठ मिनिटं. पोस्टकार्डं वाचणं बंद झालं. 'अंदाज करा' बंद झालं, कारण अंदाज करायला वेळ लागतो. मग तू ती सरकारी नोकरी सोडून या खासगी वाहिनीवर गेलास. आम्हाला वाटलं, आता अभिमनला हवं ते करता येईल. गावात केबल आली तेव्हा आबांनी सगळ्यांच्या आधी जोडून घेतली. वेळ त्या लोकांनी काढून घेतली होती, हे मला मान्य आहे. पण इथे तर कुणी काही काढून घेतलं नव्हतं. इथे तू स्वतःच धूर सोडलास, ढोल लावलेस आणि प्रश्न विचारायचं सोडून लोकांना दचकवायला लागलास.

गेल्या वर्षी अखाजीच्या सणाला तू आलास. आमरसाची वाटी हातात घेऊन हसत हसत सांगत होतास की सापांवर एक भाग केलाय. पुण्याहून एक म्हातारे डॉक्टर बोलावले, सर्पदंशावर आयुष्य घालवलेला माणूस, त्यांचं अर्धा दिवस चित्रीकरण केलं आणि शेवटी दोन वाक्यं ठेवली. मी विचारलं, का? तू म्हणालास, 'अक्का, म्हातारा बोलायला लागला की लोक रिमोट दाबतात. म्हणून मधे नाट्य घातलंय. लोकांना तेच हवं असतं.' कोणत्या लोकांना, अभिमन? यशोदाबाईला विचारलंस? भाईदासला विचारलंस? आबा दारात बसून ऐकत होते, त्यांना तरी विचारायचंस! मी बोलणार होते. मायने डोळ्यांनी दटावलं, चार दिवसांसाठी आलाय पोरगा, खाऊ दे सुखाने. मी ताट उचलून आत गेले.

तो भाग ज्येष्ठात लागला. जंगलाचा सेट, हिरवा धूर, एक नट कळवळून पडतो. नटी ओढणीने त्याचा हात करकचून बांधते, ब्लेडने जखम कापते, तोंडाने विष ओढून थुंकते. ढोल वाजतात आणि तो उठून बसतो. निवेदक म्हणतो, वेळेवर केलेली ही कृती प्राण वाचवू शकते. मग त्या डॉक्टरांची दोन वाक्यं, भारतात सापांच्या किती जाती आहेत त्याबद्दल. 'कापू नका, बांधू नका, दवाखान्यात चला', हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं, असं मला सांगू नकोस. जुन्या 'असं का?'मध्ये तूच हे अर्धा तास समजावलं होतंस. हात हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, इंजेक्शन हाच उपाय. माझ्या वर्गातल्या मुलांना मी अजून तेच सांगते. मग हे नाट्य कोणी लिहिलं? शेवटी नाव आलं, आबांनी वाचलं, अभिमन झुलाल भामरे.

आता नीट बसून वाच. आबांचा हात, तुला सांगितलं तसा, कडबाकुट्टीत गेलेला नाही.

भादव्यात बांधावरचं गवत कापत होते. गवतात घोणस होती. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चावली. माय भाकरी घेऊन तेवढ्यात शेतावर पोचली होती. आबा घाबरले नाहीत. घरी आले, खाटेवर बसले आणि काय करायचं ते मायला एकेक करून सांगितलं. दाढीचं ब्लेड आणायला लावलं. मायचा हात थांबला. ती म्हणाली, 'पहिले तर त्यानी कापू नका सांगेल व्हतं.' तिच्या लक्षात होतं, अभिमन. न शिकलेल्या आपल्या मायच्या लक्षात तुझा जुना भाग होता. आबांच्याही होता. पण आबा म्हणाले, 'ते जुनं व्हयनं. आते नवं निंघनं व्हई. शास्त्र पुढे जास, त्यानीच सांगेल शे.'

शास्त्र पुढे जातं, हे तू ओट्यावर बसलेल्या माणसांना किती प्रेमाने समजावलं होतंस. आज खरं वाटतं ते उद्या चुकीचं ठरू शकतं, नवा पुरावा आला की जुनं सोडायचं. आबांनी तेवढंच केलं. शहाण्या विद्यार्थ्यासारखं जुनं सोडलं आणि तुझं नवं धरलं. तुझं नवं म्हणजे स्टुडिओतला धूर आहे, हे त्यांना कुठून कळणार?

मायने कापलं. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, ते थांबेना. तिने तोंड लावून ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. सुताची दोरी कोपराखाली जितकी आवळता येईल तितकी आवळली. आणि मग दोघं बसून राहिले. तुझ्या नाट्यातला नट उठून बसला होता ना, त्याची वाट बघत. आबा मधूनमधून म्हणत, उतरेल आता, उतरेल. मायने दोरी सोडू पाहिली तर आबाच नको म्हणाले. भाईदास बाजारातून परतला तेव्हा दिवस कलला होता. हात काळानिळा होऊन भोपळ्यासारखा सुजला होता. त्याने जीप मिळवली, शाळेतून मला उचललं आणि आम्ही धुळ्याला पोचलो. इंजेक्शनांनी जीव वाचला. हात कोपरापासून काढावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, दोरी कुणी बांधली? माय म्हणाली, 'मी.' डॉक्टर रागावले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, 'माय, न कापता, न बांधता तसंच उचलून आणलं असतं तर बहुतेक हात राहिला असता.' ती अजून तेच ऐकते आहे. आबांचं दाढीचं सामान तिने घरातून काढून टाकलंय, ते आता न्हाव्याकडे जातात. भाकरी थापताना मधेच थांबते आणि आपल्या हातांकडे बघते. तिने काय केलं? तिच्या पोराने सांगितलं तेच केलं.

शुद्धीवर आल्यावर आबांनी पाणी मागायच्या आधी मला जवळ बोलावलं. 'अभिमनले सांगजो नको. कडबाकुट्टीमा ग्या सांग.' मी म्हटलं, का? तर म्हणाले, 'त्याले वाटी, त्यानीच मना हात तोडा.' मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. भाईदासला घातली, यशोदाबाईला घातली. गावातल्या पोरासोरांना माहीत आहे, आणि तुझ्यापुढे कुणी ब्र काढला नाही. अख्ख्या गावाने तुला जपलं.

आणि तू कसा आलास? नाशिकहून टॅक्सी करून दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात आलास, दुसऱ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगसाठी संध्याकाळी निघालास. खाटेशी बसून रडलास, ते मी पाहिलं. खोटं नव्हतं ते. आबांनी तुला कडबाकुट्टीची गोष्ट सांगितली, पातं कसं अडकलं, हात कसा ओढला गेला, सगळं रंगवून. तू मान हलवत राहिलास. अरे, आपल्या घरी कडबाकुट्टी कधी होती? आपले बैल आजवर विळ्याने तोडलेला चारा खात आले! भाकर का फुगते हे जगाला विचारायला लावणाऱ्या माणसाला आपल्या बापाचा हात कसा गेला हे विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टर दाराबाहेर उभे होते. त्यांच्याशी तू बोलला नाहीस. मी वाट बघत होते की आता विचारेल, आता विचारेल. तू घड्याळ बघितलंस.

त्या दिवशी माझ्या मनात आलं, तुझ्या कार्यक्रमातली खोली वाहिनीमुळे गेली, जाहिरातवाल्यांमुळे गेली, हे सगळं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. 'का?' हा शब्द तुझ्याच तोंडातून गेला आहे.

मग आज का लिहिते, ते सांगते. शपथ मी पाळली असती, आबांसाठी आयुष्यभर पाळली असती. पण काल रविवारी मी गावी होते. टीव्ही चालू होता, तुझ्या वाहिनीची जाहिरात लागली. तोच हिरवा धूर, तेच ब्लेड. 'नागपंचमीनिमित्त, प्रेक्षकांच्या खास आग्रहास्तव', रात्री आठ वाजता, चित्रपटाच्या आधी, आणखी नाट्य घालून पूर्ण अर्धा तास. इतकी वर्षं विज्ञानाला चांगली वेळ मिळावी म्हणून तू भांडलास, ती मिळाली ती ही. नागपंचमीला रात्री आठ वाजता आपल्या तालुक्यातलं एकही घर टीव्हीसमोरून हलणार नाही, आणि सध्या माणसं गुडघाभर गवतात काम करताहेत. आबा उठून गोठ्यात गेले. मी मागे गेले तर म्हणाले, 'नको ना, प्रमिला. त्यानं चांगलं चालेल शे.' मी परत आत आले. माय चुलीपुढून उठली होती. वर्षभरात तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. 'त्याले लिही. यासले विचारू नको. मना नाववर लिही.' म्हणून हे पत्र तिचं आहे, अक्षर तेवढं माझं. फोनवर तू मधेमधे बोलतोस, समजुती घालतोस, म्हणून लिहिलं. धुळ्याला जाऊन स्पीड पोस्टाने टाकते आहे, वेळेत पोचेल. तो भाग थांबव. नुसता थांबवू नकोस, त्याच दिवशी त्याच वेळेला त्या पुण्याच्या डॉक्टरांचं बोलणं लाव, पूर्ण अर्धा तास, ढोल न वाजवता. लोकांनी रिमोट दाबला तर दाबू दे. वरचे ऐकणार नाहीत म्हणालास तर त्यांच्यापुढे आबांचं नाव घे. ज्यांना तू लोक म्हणतोस त्यातले एक आबा आहेत. आणि नाहीच जमलं, तर नागपंचमीच्या आदल्या दिवशी साक्रीचा बाजार भरेल तेव्हा मी रिक्षावर भोंगा लावणार आहे. भाईदास चालवणार आहे, माय मागे बसणार आहे. उद्या जे दाखवतील ते करू नका, असं मी गल्लोगल्ली सांगेन, आणि कुणी विचारलं की हे लिहिलं कुणी, तर आबा वाचायचे तसं पूर्ण नाव घेऊन सांगेन.

हे वाचूनही अजून तुझीच,
प्रमिलाअक्का